बेवारस पॅकेजांचे पालकत्व

प्रयोगशाळेतला बिघडलेला तानकाटा टाकून द्यायचा झाला, तरी शाळेत त्याची एक रीत असते. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद शोधायची, तो निरुपयोगी झाल्याचे ठरवायचे, निर्लेखनाची मंजुरी घ्यायची आणि मगच तो कपाटातून हलवायचा. विज्ञान शिक्षक बदलले की चार्ज देण्याघेण्याची यादी होते आणि तिच्यावर दोघांच्या सह्या होतात. या कागदोपत्री कामाला आपण सारेच कंटाळलेले असतो. तरीही त्यामागचा विचार चुकीचा नाही. वस्तू आज कोणाच्या ताब्यात आहे आणि तिची अवस्था काय आहे, हे विचारणाऱ्याला कळले पाहिजे, एवढाच तो विचार.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हाच प्रश्न गेली काही वर्षे गंभीर होऊन बसला आहे. तेथे त्याला दिली गेलेली उत्तरे मात्र परस्परांहून फार वेगळी आहेत. त्यांतली तीन-चार तपासून पाहावीत आणि कोणते कोठे कमी पडते ते सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आधी थोडी ओळख. एखादी आज्ञावली संगणकावर बसवायची, तर तिच्या फायली, तिला लागणाऱ्या इतर आज्ञावल्यांची यादी आणि काय कोठे ठेवायचे याच्या सूचना एकत्र बांधाव्या लागतात. या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. अशी हजारो पॅकेजे जेथे ठेवलेली असतात आणि जेथून कोणीही ती उतरवून घेऊ शकतो, ते भांडार. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीचे भांडार असे आहे. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेले ए.यू.आर. असे आहे. जावास्क्रिप्ट भाषेत लिहिणाऱ्यांचे एन.पी.एम., सांख्यिकीच्या आर भाषेचे क्रॅन, हीही त्याच जातीची. यांत काम करणारे बहुतेक लोक बिनपगारी असतात. प्रत्येक पॅकेजासमोर ते सांभाळणाऱ्याचे नाव असते; त्याला आपण पालक म्हणू. आज्ञावलीचा मूळ लेखक आणि पॅकेजाचा पालक या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, आणि डेबियन किंवा ए.यू.आर.मध्ये त्या बहुधा वेगळ्याच असतात.

आता बिनपगारी माणूस कधी ना कधी काम सोडणार. त्याला नोकरी लागते, घरात आजारपण येते, किंवा नुसता उत्साह संपतो. यात दोष देण्यासारखे काही नाही. प्रश्न असा की तो गेल्यावर त्याच्या नावासमोरच्या पॅकेजाचे काय करायचे?

येथे दोन शब्द हटकून एकमेकांत मिसळले जातात, ते प्रथम वेगळे केले पाहिजेत. एक ‘जुने’ आणि दुसरा ‘बेवारस’. गणिताच्या शिक्षकांना परिचित असलेली टेक ही अक्षरजुळणीची आज्ञावली घ्या. डोनाल्ड क्नुथ यांनी १९९० मध्ये जाहीर केले की तिच्यात आता नवी भर पडणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. दर दुरुस्तीनंतर तिच्या आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे एक-एक अंकाने सरकतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर हा क्रमांक थेट पाय करावा आणि तेव्हा उरलेल्या चुकांना चुका न म्हणता वैशिष्ट्ये म्हणावे, असेही क्नुथ यांनी सांगून ठेवले आहे. दोन दुरुस्त्यांमध्ये कित्येक वर्षे जातात. केवळ तारीख पाहणारा माणूस टेकला मोडीत काढील. वास्तविक ती जुनी आहे, पण बेवारस मुळीच नाही. उलट, काल नवी आवृत्ती निघालेले पॅकेजही बेवारस असू शकते. कसे ते पुढे येईलच.

ए.यू.आर.ची पद्धत तारखेवर आणि मौनावर उभी आहे. तेथे तयार आज्ञावली ठेवलेली नसते. ती कोठून आणावी आणि कशी जुळवावी याची कृती लिहिलेली फाईल असते, पाककृतीच्या चिठ्ठीसारखी. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली आणि पालकाने चिठ्ठी बदलली नाही, तर खाते असलेला कोणीही त्या पॅकेजावर ‘कालबाह्य’ असा झेंडा लावू शकतो. पालक तरीही हलला नाही, तर पॅकेज त्याच्याकडून काढून घेण्याची विनंती करता येते. पालकाला दोन आठवडे उत्तराची मुदत मिळते. झेंडा लागून १८० दिवस उलटले असतील, तर विनंती आपोआप मंजूर होते. पालक सुटला की पॅकेज ‘अनाथ’ ठरते, आणि अनाथ पॅकेज कोणाही खातेदाराला एक कळ दाबून दत्तक घेता येते.

काढून घेण्याच्या बाबतीत हे नियम मला पुष्कळसे रास्त वाटतात. मुदत आहे, ती सर्वांना ठाऊक आहे, आणि गप्प बसलेल्या पालकामुळे पॅकेज वर्षानुवर्षे अडून राहत नाही. खरी उणीव पुढच्या पायरीवर आहे. काढून घेताना दोन आठवडे, आणि देताना एक कळ! मूल अनाथ ठरवण्यापूर्वी एवढी चौकशी करायची आणि दत्तक देताना दारात उभ्या असलेल्या पहिल्या माणसाच्या हाती द्यायचे, असा हा प्रकार आहे.

त्याचे फळ जुलै २०१८ मध्ये दिसले. ॲडोबी कंपनीचा पीडीएफ वाचण्याचा ॲक्रोरीड हा कार्यक्रम लिनक्ससाठी देणे कंपनीने बंद केले होते, ९.५.५ ही त्याची शेवटची आवृत्ती २०१३ मधली. ए.यू.आर.मधले त्याचे पॅकेजही अनाथ झालेले होते. म्हणजे मूळ निर्मात्याने सोडलेले आणि पालकानेही सोडलेले, असे दुहेरी बेवारस. एका अनोळखी खातेदाराने ते दत्तक घेतले आणि चिठ्ठीत एक ओळ वाढवली. पॅकेज बसवताना ही ओळ दुसरीकडून एक आज्ञासंच उतरवून चालवत असे. तो संच ठरावीक वेळाने पुनःपुन्हा चालण्याची व्यवस्था करी आणि यंत्राविषयीची माहिती गोळा करून बाहेर पाठवण्याचा प्रयत्न करी. त्याच खात्याने आणखी दोन पॅकेजांत असाच बदल केलेला आढळला. बदल लवकर ध्यानात आले, चिठ्ठ्या पूर्ववत केल्या गेल्या, खाते बंद झाले. नुकसान फारसे झाले नाही.

यावर ए.यू.आर.च्या बाजूने दिले जाणारे उत्तर असे असते की येथील सामग्री वापरकर्त्यांनी बनवलेली आहे, ती आपल्या जबाबदारीवर वापरावी आणि चिठ्ठी आधी वाचावी, हे आम्ही स्पष्ट सांगितलेलेच आहे. ते खरेही आहे. परंतु या उत्तरात माणसाच्या स्वभावाचा विचार नाही. नवखे पॅकेज घेताना माणूस चिठ्ठी वाचतो. पाच वर्षे वापरात असलेल्या पॅकेजाची नवी आवृत्ती आली की तो वाचत नाही, कारण त्याने विश्वास आधीच टाकलेला असतो. आणि तो विश्वास पालकावर टाकलेला असला, तरी चिकटलेला असतो पॅकेजाच्या नावाला. पालक बदलतो, नाव तेच राहते, आणि जुना विश्वास नव्या माणसाला फुकट मिळतो. जिकडे वापर अधिक आणि लक्ष कमी, तिकडे हे फुकटचे धन जास्त.

एन.पी.एम.मध्ये हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. तेथील लेफ्ट-पॅडचा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकला असेल. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने वादातून आपली सर्व पॅकेजे भांडारातून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड हे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज होते, आणि त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य आज्ञावल्यांची जुळणी जगभर बंद पडली. त्यानंतर प्रसिद्ध केलेले पॅकेज परत घेण्यावर भांडाराने बंधने घातली. हा प्रसंग गाजला खूप, पण माझ्या मते शिकण्यासारखे त्यात कमी आहे. वस्तू नाहीशी झाली की निदान ती नाहीशी झाल्याचे ताबडतोब कळते.

इव्हेंट-स्ट्रीमची गोष्ट तशी नाही. हे पॅकेज त्याच्या लेखकाने कित्येक वर्षांपूर्वी लिहिले होते. तो स्वतः ते वापरत नव्हता, त्याचा मोबदला त्याला मिळत नव्हता; मात्र आठवड्याला सुमारे २० लाख वेळा ते उतरवून घेतले जात होते. २०१८ मध्ये एका अनोळखी व्यक्तीने पत्र पाठवून ते सांभाळण्याची तयारी दाखवली. लेखकाने अधिकार देऊन टाकले. नव्या पालकाने सप्टेंबरात त्याला आणखी एका छोट्या पॅकेजाची जोड दिली, आणि त्या जोडपॅकेजात नंतर घातक आज्ञा आल्या. त्या सगळ्यांना त्रास देणाऱ्या नव्हत्या. कोपे नावाच्या बिटकॉइनच्या पाकिटाची जुळणी होत असेल, तरच त्या जाग्या होत आणि पाकिटाच्या किल्ल्या चोरण्याचा प्रयत्न करत. नोव्हेंबरपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही.

तो लागला कसा, हे मोठे मौजेचे आहे. चोराने आपल्या आज्ञा दडवण्यासाठी कूटलेखनाचे एक जुने फलन वापरले होते. ते फलन कालबाह्य ठरवलेले असल्यामुळे काही जणांच्या पडद्यावर तशी सूचना उमटू लागली. ही सूचना कोठून येते याचा माग काढताना सारा प्रकार उघडकीस आला. कालबाह्यतेची सूचना म्हणजे निव्वळ कटकट, असे मानणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

या प्रकरणात मूळ लेखकावर पुष्कळ टीका झाली. ती मला अन्यायाची वाटते. फुकट केलेले काम फुकट वापरणाऱ्या लाखोंपैकी कोणी त्याला मदत देऊ केली नव्हती; ज्या एकाने देऊ केली, त्याला त्याने काम दिले. दोष भांडाराच्या रचनेचा आहे. पालकत्वाचे हस्तांतर हा तेथे दोघांमधला खाजगी व्यवहार होता. ज्यांच्या संगणकावर परिणाम होणार होता, त्यांतल्या कोणालाही तो होण्यापूर्वी कळण्याची सोय नव्हती. एन.पी.एम.मध्ये लेखक आपले पॅकेज ‘यापुढे वापरू नये’ असे जाहीर करू शकतो आणि ते बसवणाऱ्याला तशी सूचना दिसते, ही सोय चांगली आहे. पण ती सूचना लावायला लेखक जागेवर हवा. जो निघूनच गेला, तो आपण गेल्याची पाटी कशी लावणार?

डेबियनची रीत आपल्या चार्ज देण्याघेण्याच्या यादीशी सर्वांत जवळची आहे. पालकाला काम सोडायचे असेल, तर तो सार्वजनिक दोषनोंदवहीत तशी नोंद करतो. या नोंदींचे प्रकार ठरलेले आहेत: ‘सोडले’, ‘दत्तक घेणारा हवा’, ‘नुसती मदत हवी’. ‘दत्तक घेणारा हवा’ या नोंदीत मला विशेष शहाणपण दिसते. थकलेल्या माणसाला अजून पाय उंबऱ्याच्या आत असतानाच ‘माझ्याने फार दिवस होणार नाही’ असे सन्मानाने म्हणता येते. सोडलेले पॅकेज गुणवत्ता-गटाच्या नावावर जाते. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यानेही त्याच वहीत आपला इरादा लिहायचा असतो. त्याला भांडारात भर घालण्याचा अधिकार नसेल, तर अधिकार असलेल्या सदस्याने त्याचे काम तपासून स्वतःच्या नावाने पुढे पाठवावे लागते. पालक सोडतही नाही आणि करतही नाही, अशा परिस्थितीसाठी २०१८ मध्ये ‘सोडवणुकी’चा नियम आला. पॅकेजाकडे दुर्लक्ष झाल्याचे दिसत असेल, तर इच्छुकाने तशी नोंद करायची आणि २१ दिवस थांबायचे. आक्षेप आला नाही, तर त्याने नवी आवृत्ती पाठवायची, पण तीही ७ दिवसांच्या प्रतीक्षेत ठेवून. जुन्या पालकाला परत येण्याची संधी शेवटपर्यंत राहते.

हे सारे आदर्श आहे असे मात्र समजू नये. गुणवत्ता-गटाच्या नावावर गेलेले पॅकेज म्हणजे प्रत्यक्षात पुष्कळदा कोणाचेच नसलेले पॅकेज. नाव गटाचे आणि काम जमेल त्याचे. अशी पॅकेजे वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात, कारण काढून टाकण्यासाठीही कोणीतरी नोंद करावी लागते. डेबियनची गती संथ आहे आणि तिची टिंगलही होते. तरीसुद्धा एक गोष्ट येथे नीट झालेली आहे: बेवारसपणा लपत नाही. तो लिहिलेला असतो.

संथपणाची दुसरी बाजू मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्स-झेड ही फायली आवळून लहान करण्याची उपयुक्तता जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिचा एकटा लेखक थकलेला होता आणि त्याच्यावर कामाबद्दल तगादे येत होते. दोन वर्षांहून अधिक काळ चांगली मदत करून विश्वास मिळवलेल्या एका सहायकाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकाशी जोडणी होताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला आणि त्याचा पाठपुरावा करताना त्याने चोरी पकडली. डेबियनच्या चाचणी शाखांत त्या आवृत्त्या पोहोचल्या होत्या. स्थिर शाखेत ५.४.१ ही जुनी आवृत्ती होती, म्हणून ती वाचली. ‘नवी तेवढी सुरक्षित’ असा सोपा नियम विद्यार्थ्यांना शिकवण्यापूर्वी हे उदाहरण पुढे ठेवावे. अर्थात ‘जुनी तेवढी सुरक्षित’ असा नियमही त्यातून निघत नाही, कारण ठाऊक झालेली भोके न बुजवलेली जुनी आवृत्ती म्हणजे उघडे दारच असते.

क्रॅनविषयी थोडक्यात. तेथे पॅकेजांच्या चाचण्या नियमित चालतात. चाचणी फसली आणि कळवूनही पालकाने दुरुस्ती केली नाही, किंवा त्याचा पत्ताच चालेनासा झाला, तर पॅकेज चालू यादीतून उठते. पण ते नष्ट होत नाही. त्याच्या साऱ्या आवृत्त्या जुन्या संग्रहात राहतात. दहा वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधातले गणित पुन्हा करून पाहायचे असेल, तर ती तेथून काढता येतात. काढणे आणि नष्ट करणे यांतला हा फरक इतरांनी उचलण्यासारखा आहे.

राहिला प्रश्न काय ठेवावे आणि काय काढावे याचा. ‘फार थोडे लोक वापरतात’ हे कारण यासाठी वरचेवर पुढे केले जाते. डेबियनमध्ये वापराची एक गणनाही आहे. ती ऐच्छिक आहे, म्हणजे ज्यांनी संमती दिली त्यांचीच मोजणी होते. आता आस्पेल या शुद्धलेखन तपासनिसाची मराठी शब्दसूची पाहा. ती ०.१० या आवृत्तीवर थांबलेली आहे. इंग्रजीच्या सूचीशी वापराच्या आकड्यात तिची बरोबरी कधीच होणार नाही. तारखेचा नियम लावा किंवा वापराचा, ती दोन्हीत नापास होईल. पण भाषेचे शब्द काही दर सहा महिन्यांनी मोडीत निघत नाहीत. सूची अपुरी असली तरी असलेले शब्द बरोबरच राहतात. गणक यंत्रांनी निर्णय घ्यायचे ठरवले, तर लहान भाषांची, जुन्या लिप्यांची, एखाद्याच शाखेच्या अभ्यासकांची पॅकेजे सर्वांत आधी बाहेर पडतील. कोणी वैर धरल्यामुळे हे होणार नाही. यांची बाजू मांडणारा आकडाच नसतो.

म्हणून मला वाटते की या भांडारांनी वयाचे आणि वापराचे मोजमाप थोडे कमी करावे आणि हस्तांतराकडे अधिक पाहावे. पॅकेजाची नवी आवृत्ती बसवताना ‘मागील आवृत्तीनंतर याचा पालक बदलला आहे’ एवढे एक वाक्य पडद्यावर आले, तर ॲक्रोरीड आणि इव्हेंट-स्ट्रीम या दोन्ही प्रसंगांत निदान काही डोळे त्या दिवशी उघडले असते. एक्स-झेडला ते पुरले नसते, कारण तेथे सहायकाने घाई केलीच नाही. पालक बदलल्यापासून पहिले काही दिवस नवी आवृत्ती आपोआप न बसवता थांबवून ठेवणे, हा डेबियनच्या ७ दिवसांसारखा उपायही अवघड नाही. ए.यू.आर.मध्ये एखाद्या पॅकेजावर लक्ष ठेवण्याची नोंद केलेल्या खातेदाराला पालकबदलाचे पत्र मागवता येते. नुसते बसवून घेतलेल्याला मात्र ते मिळत नाही, आणि संख्या त्याचीच मोठी. माहिती भांडाराकडे असतेच. ती योग्य वेळी योग्य माणसासमोर येत नाही.

ज्या शाळांच्या संगणक कक्षात डेबियन किंवा तिच्यापासून निघालेली प्रणाली आहे, तेथे वरच्या वर्गांतल्या मुलांकडून एक पाहणी करून घेता येईल. बसवलेल्या पॅकेजासोबत सहसा त्याची बदलवहीही संगणकावर आलेली असते. तिच्यात अलीकडच्या प्रत्येक आवृत्तीखाली ती कोणी आणि कोणत्या तारखेला सिद्ध केली ते असते. नवा पालक आला असेल, गुणवत्ता-गटाने हात लावला असेल, किंवा पालक नसलेल्या कोणी मधेच दुरुस्ती केली असेल, तर तेही बहुधा लिहिलेले असते. रोज वापरातली पाच पॅकेजे घ्यावीत आणि प्रत्येकाची नावे व तारखा एका तक्त्यात मांडाव्यात. कोणत्या पॅकेजात दोन नोंदींमध्ये सर्वांत मोठा खंड पडला आणि त्या खंडानंतरची पहिली सही कोणाची आहे, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे.